फेब्रुवारीत बुजवलेली भेग

रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी बाळासाहेब सुतार जेवणाच्या टेबलाला मधल्या बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे. टक, टक. मग मान जराशी कलती करून ऐकायचे आणि शेगडीकडे वळायचे. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकोणतीस वर्षं हे असं चाललं होतं. सुरुवातीला मंजूषाबाई विचारायच्या, “काय म्हणतंय टेबल?” ते सांगायचे, “बरं आहे.” पुढे त्यांनी विचारणं सोडलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली की बाईला नवऱ्याच्या सवयींचं भिंतीवरच्या घड्याळासारखं होतं. टोल पडला तर ऐकू येत नाही, नाही पडला तर मात्र दचकायला होतं.

बाळासाहेब मूळचे कोल्हापूरचे, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीतले पॅटर्नमेकर. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. हॉलंडमधल्या पंपांच्या एका कारखान्यानं त्यांचा हात पाहिला आणि सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. सहा महिन्यांची सहा वर्षं झाली, मग पासपोर्ट बदलला, मग पेन्शन सुरू झाली. कोल्हापूरच्या उस्तादांचं एक वाक्य मात्र त्यांनी इकडे येताना जसंच्या तसं आणलं होतं. उस्ताद म्हणायचे, “पॅटर्नमध्ये फट म्हणजे पाप.” केसाएवढी फट राहिली तरी तिच्यात वाळू अडकते आणि ओतीव काम वाया जातं. म्हणून फट दिसली की भरायची. घट्ट, कायमची, नखालासुद्धा लागणार नाही अशी. त्यांचं काम कधी परत आलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतःहून कुणाला सांगत नसत, पण कुणी विचारलं तर लपवतही नसत.

तळमजल्यावर ओबिओरा राहायचा. नायजेरियाचा, इग्बो लोकांतला. बाळासाहेबांपेक्षा सात वर्षांनी लहान. ट्रामच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचा कमरेचा सांधा बदलला, आत स्टीलचा गोळा बसवला, तेव्हापासून तो खुर्चीत बसताना आधी दोन्ही हात टेकायचा. दोघांची भाषा डच, तीही दोघांची आपापल्या पद्धतीनं मोडलेली. त्याला ‘बाळासाहेब’ म्हणता यायचं नाही, ‘बाला’ म्हणायचा. मंजूषाबाईंना मात्र बाळासाहेबांनी शिकवल्याप्रमाणे ‘वैनी’ म्हणायचा, आणि ते इतकं अस्सल कोल्हापुरी उतरायचं की त्यांना हसू यायचं.

गेल्या फेब्रुवारीत, बाहेर कालवा गोठलेला असताना, एका दुपारी तो वर आला. हातात ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते त्यानं झोपलेल्या लेकराला धरावं तसं छातीशी धरलं होतं. जमिनीवर ठेवून त्यानं ब्लँकेट सोडलं.

लाकडी आसन होतं. गुडघ्याएवढं उंच. वर गोल, मध्ये किंचित खोलगट बैठक, खाली तसाच गोल तळ, आणि दोहोंच्या मध्ये जाळीसारखे कोरलेले पाय. पायांवर रेघांची नक्षी होती, एकात एक गुंतलेली. बाळासाहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी नक्षीवरून अंगठा फिरवला.

“कुणी केलं?”

“आव्का गावचा माणूस. त्याचा बाप हेच करायचा, आजासुद्धा.”

“एका ओंडक्यातून?”

“एकाच. जोड असला तर ते आसन नाही, फर्निचर झालं.”

बाळासाहेबांना हे उत्तर फार आवडलं. त्यांनी मान वर करून बायकोकडे पाहिलं, ऐकलंस का, अशा अर्थानं. मग लाकूड हुंगलं. “आपल्या सागवानाचा चुलतभाऊ दिसतोय.”

“इरोको म्हणतात,” ओबिओरा म्हणाला.

त्यानं मग सगळं सांगितलं. आदल्या वर्षी गावी जाऊन त्यानं ओझो ही पदवी घेतली होती. ती पैशानं किंवा वयानं आपोआप मिळत नाही. गावानं माणूस पारखायचा, त्याचे विधी व्हायचे, आणि मग त्याला लाल टोपी आणि स्वतःचं आसन. त्यानंतर तो माणूस जमावात बसला की ह्याच आसनावर बसतो आणि त्या आसनावर दुसरं कुणी बसत नाही. बायको नाही, मुलगा नाही, पाहुणा नाही. ऑगस्टमध्ये नवीन सुरणाचा सण होता. तुमचं सुरण ते हे नव्हे, पण कंदच, असं त्यानं मंजूषाबाईंना समजावलं. ॲमस्टरडॅमभोवतीचे सगळे इग्बो एका हॉलमध्ये जमणार होते आणि यंदा पहिला कंद कापायचा मान ओबिओराचा होता. तीन तास, सगळ्यांच्या समोर, ह्या आसनावर बसून.

आणि आसनाला भेग पडली होती. बैठकीच्या कडेपासून थेट मध्यापर्यंत, बोट जाईल एवढी.

“जानेवारीत हीटिंगशेजारी ठेवलं,” तो म्हणाला. “माझाच मूर्खपणा.”

“तुमच्यात कुणी सुतार नाही का? शेजारच्या बायलमर वस्तीत एवढी माणसं आहेत तुमची.”

“आहेत. म्हणूनच तर तुमच्याकडे आलो.” “आमची माणसं ‘लाकडाला भेग पडली’ असं म्हणणार नाहीत, बाला. ‘ओबिओरानं काय केलं?’ असं विचारतील.”

बाळासाहेबांनी मान हलवली. असं विचारणारी माणसं त्यांना नवीन नव्हती.

“कापा, घासा, उलटं करा, काय वाटेल ते करा,” दाराशी जाऊन ओबिओरा वळला. “फक्त बसू नका. कुणीच नाही.”

“अरे, मी जन्मात बसून काम केलेलं नाही. माझ्या बर्गिंगमध्ये खुर्चीच नाही, विचार हिला.”

बर्गिंग म्हणजे इमारतीच्या तळाशी प्रत्येक घराला मिळालेली सामानाची खोली. लोक तिथे सायकली ठेवतात. बाळासाहेबांच्या बर्गिंगमध्ये उभं राहून काम करायचं एक टेबल, दोन शिकंजे आणि चाळीस वर्षांची हत्यारं होती. पण दुरुस्तीच्या नऊ दिवसांत ती खोली फार गारठायची म्हणून आसनाचा मुक्काम वर, हॉलच्या कोपऱ्यात होता. मंजूषाबाई त्याला वळसा घालून जायच्या. घरात देवाचा चौरंग असावा आणि त्यावर देव नसावा, तसं काहीतरी त्यांना वाटायचं. रिकामा पाळणा हलवू नये असं त्यांच्या आईनं सांगितलं होतं. रिकाम्या आसनाबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी जुन्या सुती साडीचा एक तुकडा त्यावर टाकून ठेवला.

“कशाला झाकतेस?”

“असू द्या. उगाच वाट बघत बसल्यासारखं दिसतंय.”

“कुणाची?”

“मला काय माहीत!” त्या फटकन म्हणाल्या आणि स्वैपाकघरात गेल्या.

बाळासाहेबांनी काम केलं ते पॅटर्नमेकर करतो तसं. भेग आतून खरवडून साफ केली. त्याच लाकडाच्या तळाचा चिमूटभर भुसा काढून तो लुकणात कालवला, भेगेत ठासून भरला, शिकंज्यात आवळला. खालच्या बाजूनं डमरूच्या आकाराची एक चीप बसवून दोन्ही कडा एकमेकींना जखडून टाकल्या. वर मेण घासलं. नवव्या दिवशी ओबिओरा आला तेव्हा त्याला स्वतःला भेग सापडेना. त्यानं नखानं शोधली, चष्मा लावून शोधली. मग खिशातून कोलाचं फळ काढलं, त्याच्या भाषेत काही पुटपुटला, फळ फोडून एक पाकळी बाळासाहेबांच्या हातावर ठेवली. बाळासाहेबांनी ती चावली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

“कडू आहे रे.”

“कडूच असतं. आयुष्य देतं.”

“चहाबरोबर चाललं असतं,” बाळासाहेब म्हणाले, आणि तिघंही पोटभर हसली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी टोल पडला नाही. मंजूषाबाई बिछान्यात होत्या. नळाचा आवाज आला, भांड्याचा आला, पण मधली ती टक, टक आली नाही. त्या उठून बाहेर आल्या. बाळासाहेब टेबलाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून.

“बरं नाही का?”

“बरं आहे की.”

दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की संध्याकाळी फिरायला जाताना हे पुढच्या दारानं जात नाहीत. पुढच्या दाराशेजारी ओबिओराची खिडकी होती. हे मागच्या जिन्यानं, सायकलींच्या बाजूनं निघायचे आणि परत यायचे तेही तिकडूनच.

“काय हो, स्वतःच्या घरात चोरासारखं काय चाललंय?”

“तिकडून जवळ पडतं.”

“कुठे जायला जवळ? तुम्ही तर नुसते फिरता!”

त्यांनी चपला घातल्या आणि ते निघाले. बाळासाहेब तसे तोंडाळ नव्हते, पण टोमण्याला टोमणा देणारे होते. त्यांचं गप्प बसणं मंजूषाबाईंना नको झालं. त्या महिन्यात हवा छान होती, कालव्याकाठी बदकांची पिल्लं आली होती, आणि घरात मात्र कुणीतरी आजारी असल्यासारखी शांतता होती.

जूनमध्ये एका दुपारी, शेंगा निवडता निवडता, बाळासाहेबांनी आपणहून सांगितलं. मेमध्ये ते ओबिओराकडे कॉफीला गेले होते. तो आत दूध गरम करत होता. खोलीच्या कोपऱ्यातून आवाज आला. अगदी बारीक, वाळलेली काडी मोडावी तसा. आसनातून.

“मी उठून ते तिरकं करून पाहिलं. वरची भेग तशीच, बंद. पण खाली पायाच्या मुळाशी नवीन आलीय. केसाएवढी. पायाच्या आरपार.”

“म्हणजे?”

त्यांनी शेंग हातात धरली. “मी जन्मभर मेलेलं लाकूड हाताळलं, मंजू. पॅटर्नचं लाकूड वर्षानुवर्षं वाळवलेलं असतं. तुकडे करून, उलटसुलट चिकटवून मग वापरायचं. ते हलत नाही. हे तसलं नाही. हे एका ओल्या ओंडक्यातून काढलंय, अजून जिवंत आहे. हिवाळ्यात आकसतं, उन्हाळ्यात फुगतं. ती भेग म्हणजे त्याची फुगायची जागा होती. मी ती फेब्रुवारीत दगडासारखी बुजवली. आता त्याला फुगायला जागाच नाही, म्हणून ते दुसरीकडून फुटतंय.”

“बरं, मग सांगा की त्याला.”

“सांगतो.”

“कधी?”

“सांगतो म्हटलं ना.”

“अहो, तो त्यावर तीन तास बसणार आहे!”

“मला कळत नाही का ते?” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “तो बसेल आणि एका अंगाला कलेल. कंद कापायला वाकला की सगळा भार त्याच पायावर येणार. पाय सुटला तर माणूस खाली. कमरेत लोखंड आहे त्याच्या. आणि सगळ्या गावासमोर.”

मंजूषाबाईंनी निवडलेल्या शेंगांची परात बाजूला सारली. “तुमचं काम परत आलं नाही म्हणून तुम्ही थांबलाय. खरं की नाही?”

ते उठून बाल्कनीत गेले.

खरंच होतं ते. आणि त्याहूनही वाईट म्हणजे आता नुसत्या चुकीचा प्रश्न राहिला नव्हता. मेमध्ये सांगितलं असतं तर ती चूक होती. जूनमध्ये तिला लपवाछपवीचा वास यायला लागला आणि जुलैत ती नुसती लबाडी झाली. रोज एक दिवस उलटत होता आणि रोज सांगणं अवघड होत होतं. रायस्वाइकहून त्यांच्या मुलीचा, चारुताचा फोन यायचा. स्पीकरवर मंजूषाबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं तेव्हा ती म्हणाली, “बाबा, जस्ट टेल हिम ना. इट्स अ स्टूल.”

“तुझ्यासाठी स्टूल,” बाळासाहेब म्हणाले.

“ओके, देन यू गो अँड ब्रेक द मॅन्स हिप.”

ते हसले नाहीत. चारुतानंच मग विषय बदलला.

जुलैच्या शेवटी ओबिओरा स्वतः आमंत्रण द्यायला वर आला. बायको लंडनला मुलीच्या बाळंतपणात अडकली होती, म्हणून पांढरा झगा त्यानंच इस्त्री केला होता आणि दाखवायला आणला होता. तो खूश होता. वजन दोन किलो उतरवलं म्हणाला.

“वैनी, तुम्ही नऊवारी नेसून यायचं. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्यात. लोक विचारतील, ही माणसं कोण? मी सांगेन, माझी माणसं.”

मंजूषाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हीच वेळ होती. खोलीत तिघंच होती, बाहेर ऊन होतं, चहा निवत होता. बाळासाहेबांनी तोंड उघडलं.

“किती वाजता असतं?” त्यांनी विचारलं.

“दोनला.”

“येतो.”

तो गेल्यावर मंजूषाबाईंनी कप उचलले नाहीत. ते तसेच संध्याकाळपर्यंत टेबलावर राहिले. त्या दिवसापासून त्यांना स्वतःलाच आवाज यायला लागले. कपाटाचं दार करकरलं की त्या थबकायच्या. बाजारातून येताना ओबिओराच्या खिडकीतून ते आसन दिसायचं. कोपऱ्यात, पांढऱ्या कापडाखाली. त्यानंही ते झाकून ठेवलं होतं. त्या नजर वळवून जिना चढायच्या, पण मनात एकच चित्र यायचं. भरलेला हॉल, ढोल थांबलेले, सगळ्यांची नजर एका माणसावर, तो सुरी घेऊन पुढे वाकतोय.

सणाला नऊ दिवस उरले असताना, एका गुरुवारी, तापमान एकतीसवर गेलं. हवा दमट होती, खिडक्या उघड्या असूनही पडदा हलत नव्हता. बाळासाहेबांनी रात्रभर कूस बदलली होती. सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि अकरा वाजता स्वतः ओबिओराला फोन लावला. “आसन घेऊन बर्गिंगला ये,” ते म्हणाले. “बोलायचं आहे.” मग हत्यारांच्या पिशवीतून दोन पटाश्या आणि लाकडी हातोडी काढली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि पुढच्या जिन्यानं खाली गेले.

पुढचं मंजूषाबाईंना ओबिओराकडून कळलं, तेही एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं.

बाळासाहेबांनी आसन टेबलावर उलटं ठेवलं आणि पायाच्या मुळाशी बोट नेलं. तोवर तिथली भेग केसाएवढी राहिली नव्हती, नख जात होतं. त्यांनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मे महिनासुद्धा सांगितला. ओबिओरा बाहेर गेला, सायकलींच्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला.

“मेपासून माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“माझ्या घरी येऊन कॉफी घेतलीत. तुमच्या घरी मला चहा दिलात. मी झगा दाखवला.”

“हो.”

“एखाद्या लहान मुलानं केलं असतं तर समजलो असतो, बाला! तुम्ही? तुम्ही मला बसू देणार होतात त्याच्यावर?”

तो ओरडला. शेजारच्या बर्गिंगमध्ये सायकलीत हवा भरणारी डच बाई पंप तसाच टाकून निघून गेली, इतका तो ओरडला. बाळासाहेब टेबलाशी उभे होते. त्याचं बोलून झाल्यावर त्यांनी फक्त एवढं सांगितलं की भराव काढून टाकला, चीप काढली, तर लाकूड आठवड्याभरात मोकळं होईल. पायाला आतून मी आधार देतो. आसन धरेल. पण वरची भेग दिसणार. सगळ्यांना दिसणार.

ओबिओरा भिंतीला टेकला. “काढा,” तो म्हणाला.

पाऊण तास पटाशी चालली. बंद खोलीत उकाडा होता. बाळासाहेबांच्या शर्टाची पाठ काळी झाली, पण ते थांबेनात आणि ओबिओरा त्यांना थांबा म्हणेना. तो अजून रागात होता. त्यानं पाणी आणलं नाही. हे त्यानं नंतर तीनदा सांगितलं. भराव अर्धा निघाला होता. आसन खाली उतरवून त्यांनी सरळ उभं केलं, वरून पाहायला. आणि मग बाळासाहेबांनी पटाशी टेबलावर ठेवली, फार जपून, धार भिंतीकडे करून, आणि टेबलाची कड पकडली. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. गुडघे वाकत होते.

त्या खोलीत खुर्ची नव्हती. खाली सिमेंट, त्यावर लाकडाच्या धारदार चिलप्या आणि हत्यारं. ओबिओरानं त्यांना काखेत धरलं. त्याच्या स्वतःच्या कमरेला तो भार पेलेना. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि मग, दुसरं काही नव्हतं म्हणून, त्यांना त्या आसनावर बसवलं. स्वतःच्या हातांनी. एका हातानं त्यांचं डोकं आपल्या पोटाशी धरून दुसऱ्या हातानं फोन लावला.

आसन मोडलं नाही. करकरलंसुद्धा नाही.

मंजूषाबाईंनी ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकला तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या. उकाड्यानं कुणा म्हाताऱ्याला त्रास झाला असेल, असं त्यांच्या मनात आलं. खिडकीतून पाहिलं तर गाडी त्यांच्याच इमारतीपाशी थांबत होती, आणि ओबिओरा रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

हॉस्पिटलमध्ये सगळं संपलं. घरी परतल्यावर चारुतानं आठवडाभर सुट्टी घेतली. दहन झालं, फुलं आली, कोल्हापूरहून फोन आले. ओबिओरा दहनाला आला होता, सगळ्यात मागे उभा होता, आणि कुणाला न भेटता गेला. सणाच्या दिवशी मंजूषाबाईंनी दोन वाजलेले पाहिले. मग तीन. पांढऱ्या कपड्यांतली माणसं इमारतीसमोरून गाड्यांत बसून गेली होती. ओबिओराच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दाराबाहेरच उभा राहिला. चारुतानं त्याला आत बोलावून बसवलं आणि चहा ठेवायला गेली. त्यानं खुर्चीवर दोन्ही हात टेकले आणि मग तो बसला.

“मी गेलो नाही,” तो म्हणाला. “कंद दुसऱ्यानं कापला.”

“का? त्या दिवशी म्हणालास ना, मोडलं नाही ते?”

“दुसरा माणूस बसला त्यावर. मीच बसवला. हे त्यांना सांगून टाकलं मी, फोनवर. थोरले आहेत त्यांनी विचारलं, बसल्यावर त्याला कळ आली की कळ आल्यावर बसला? मी म्हटलं, कळ आल्यावर. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला वाटायला लागलं, मला नीट आठवतंय ना?” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “पुढच्या महिन्यात ते ठरवतील. आसनाचं काय करायचं, आणि माझं काय करायचं.”

आसन खाली बर्गिंगमध्येच होतं, अर्धा भराव निघालेलं. त्याच्याकडे किल्ली नव्हती आणि मंजूषाबाईंनी दार उघडलं नव्हतं. परवा त्या सायकलींच्या बाजूनं कचरा टाकायला गेल्या होत्या. दारापलीकडे काहीतरी बारीक मोडल्यासारखं वाजलं आणि त्या पिशवी तिथेच ठेवून वर आल्या. हे त्यांनी त्याला सांगितलं नाही.

“किल्ली देऊ?” त्यांनी विचारलं.

“आज नको.” तो खाली पाहत होता. “वैनी, मला दुसरंच विचारायचं आहे. मी त्यांच्यावर ओरडलो. पाणी दिलं नाही. ते घरातून निघाले तेव्हा काय म्हणाले? घाबरले होते का मला? छातीत दुखत होतं का? खरं सांगा. शेवटचं काय म्हणाले?”

आतून कपांचा आवाज थांबला. चारुताही ऐकत होती. तिनंही हे विचारलं नव्हतं, धीर झाला नव्हता.

मंजूषाबाईंना फार आठवावं लागलं नाही. दुखत होतं का, ते त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्या ओट्याशी होत्या, पाठमोऱ्या. बाळासाहेब दाराशी वाकून चपला घालत होते, कुठे कॉफीला निघावं तसे. त्यांनी मान वर न करताच हाक मारली होती.

“मंजू, तांदूळ दोन वाट्या जास्त धू. रागावला तरी जेवायला आणतो त्याला.”